नागसेनच्या नावाचं रक्त

२१ जानेवारी १९९६

आज दुपारी एक बाई नागसेनला भेटायला आली. तिशीच्या आतली, खांद्याला झोळी, हातात बर्फाचा डबा असतो तसा डबा. "नागसेन तांबे इथेच ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. "कसा आहे आता? पूर्ण बरा झाला ना?"

मी वळून आत बघितलं. हे आतून आले आणि म्हणाले, "बरा आहे. बाहेर गेलाय."

नाव डॉ. सगुणा वैती. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत आहे. मेंदूचा मलेरिया होऊन जी मुलं वाचली आणि जी गेली, त्यांच्यात काय फरक होता हे शोधते. कंपनीच्या दवाखान्याने तिला नावं दिली. नागसेनचं नाव वाचलेल्यांत आहे. भरतीच्या वेळचं त्याचं थोडं रक्त तिच्याकडे आहे, आता ताजं हवं आहे. पुढच्या रविवारी येते म्हणाली.

ती गेल्यावर ह्यांनी भर दुपारी दाराला कडी लावली.

२२ जानेवारी

लिहून ठेवते, म्हणजे सारखं डोक्यात फिरणार नाही.

सप्टेंबरात कॉलेजची मुलं खडवलीला नदीवर गेली होती. त्यात आमचा नागसेन होता आणि दिराचा भगवान होता. एका वयाचे, एका वर्गातले. परत आल्यावर काही दिवसांनी आधी भगवानला ताप भरला. दीर दगडूभावजी रिक्षा चालवतात, त्यांना दवाखान्याची कसली सोय नाही. ह्यांना कंपनीचं कार्ड आहे. कार्डावर फोटो फक्त ह्यांचा. खाली बायको आणि मुलगा, नुसती नावं आणि वयं. माझी जाऊ शकू ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी कार्ड काढून दिलं आणि भगवानला नागसेन म्हणून भरती केलं. आमच्या कोळसेवाडीत ह्याला कोणी चोरी म्हणत नाही. एका कार्डावर भाचे, मेव्हणे, शेजारी, सगळे बरे होऊन येतात.

मग नागसेनला ताप आला. पण कार्डावरचा नागसेन तर खाटेवर झोपलेला होता. एकच मुलगा दोनदा कसा भरती करणार? हे म्हणाले, भगवान घरी आला की त्याच दिवशी ह्याला नेऊ. तोवर नाक्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या. भगवान घरी यायच्या आधी नागसेनची शुद्ध गेली. मग सगळे धावले. त्याचा उपयोग झाला नाही.

कार्ड देताना मला कोणी विचारलं नाही. मी तिथेच चहा करत होते.

तो गेल्याचं कंपनीला कळवलेलं नाही. कळवलं तर बरा होऊन गेलेला नागसेन कोण, ते सांगावं लागेल, आणि ह्यांची नोकरी जाईल. म्हणून तो कार्डावर अजून आहे.

२८ जानेवारी

ह्यांनी आणि दगडूभावजींनी ठरवलं की रक्त भगवाननेच द्यायचं, नागसेन म्हणून. पहिलं रक्त त्याचंच आहे, दुसरं वेगळं निघालं तर बाई शोधत बसेल. शकू गॅलरीत उभी राहून ऐकवत होती, "माझ्या पोराचं रक्त काय नळाचं पाणी आहे काय, कोणीही यावं आणि भरून न्यावं?"

मी म्हटलं, "खाट घेतली तेव्हा नाव चाललं. आता रक्त द्यायला जड जातंय."

"ताई, माझ्या पोराकडे असं बघत जाऊ नका. नजर लागते."

"लागायची असती तर सप्टेंबरातच लागली असती."

दगडूभावजी म्हणाले, "वहिनी, बस झालं." ते मला म्हणाले, तिला नाही.

सगुणाबाई आल्या. फॉर्म भरताना समाज विचारला. मी बौद्ध सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि पेन न उचलता विचारलं, "आणि आधी?"

"आधीचं काही नाही."

"तसं नाही हो. लग्नं कोणत्या लोकांत होतात त्यावर हे गुण..."

"माणसांत होतात," मी म्हटलं. "तुम्ही कोण?"

"कोळी. ठाण्याची, चेंदणीची."

"आणि आधी?"

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग त्यांनी ती ओळ तशीच सोडली.

भगवान खुर्चीवर बसला. नागसेनच्याच खुर्चीवर. त्या म्हणाल्या, "नागसेन, मूठ आवळ." त्याने आवळली नाही. माझ्याकडे बघत राहिला. "नागसेन," त्या पुन्हा म्हणाल्या. तेव्हा कुठे आवळली. सुई टोचायच्या आधीच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढा घोडा झालाय आणि सुईला घाबरतो. नागसेन कधी घाबरला नव्हता.

५ फेब्रुवारी

कामावरून आले तर पिंप आणि दोन्ही हंडे भरलेले. ह्यांना विचारलं, ते म्हणाले मी नाही भरले. आठवड्यात तिसऱ्यांदा. ह्यांना आताशा काय करतो ते लक्षात राहत नाही.

१८ फेब्रुवारी

सगुणाबाई आज आमचं दोघांचं रक्त घ्यायला आल्या. मुलाला कोणाकडून काय आलं ते बघायचं असतं म्हणे. ह्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. मी विचारलं, रक्तात नक्की काय बघता? मला वाटलं, मला कळणार नाही असं म्हणतील.

त्या म्हणाल्या, अंगात जंतू शिरला की शरीर आतून पेटतं. ताप, सूज, लाली, ह्याला दाह म्हणायचं. तो आपल्या भल्यासाठीच असतो. त्यासाठी पेशी टी.एन.एफ. नावाचा पदार्थ बनवतात. बेताने बनला तर जंतू मरतात. बेसुमार बनला तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि माणूस आपल्याच आगीने जातो.

"म्हणजे गेलेल्यांचा तो पदार्थ खराब असतो?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे. पदार्थ सगळ्यांचा सारखाच. तो बनवायची कृती डीएनएत लिहिलेली असते, तीही सारखीच. फरक असतो कृतीच्या आधीच्या तुकड्यात. त्या तुकड्यातून काही बनत नाही. कृती कधी सुरू करायची, किती वेळ चालवायची, हे तिथे ठरतं. जंतू आला की पेशीतली काही प्रथिनं जागी होतात, ती जाऊन त्या तुकड्याला धरतात आणि कृती चालू होते."

मी पालिकेच्या पाणी खात्यात कारकून आहे. मी म्हटलं, "पाणी तेच, पाइप तोच. चावीवाला येऊन व्हॉल्व्ह किती फिरवतो त्यावर गल्लीला पाणी."

"हां! चावीवाला म्हणजे ते प्रथिन. आणि तो तुकडा म्हणजे व्हॉल्व्ह. काही लोकांच्या व्हॉल्व्हमध्ये एक अक्षर वेगळं असतं. एरवी काही कळत नाही. पण चावी लागली की तो जरा जास्तच उघडतो."

"आमच्याकडे असा व्हॉल्व्ह एक आहे. त्या गल्लीत मग घरात पाणी शिरतं."

त्या हसल्या. खूप दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं. जाताना त्यांनी विचारलं, "नागसेन कुठे?"

मी सांगितलं, "अभ्यासाला गेलाय मित्राकडे. परीक्षा जवळ आली."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

१० मार्च

सगुणाबाई एका फिल्मचा फोटो घेऊन आल्या. एक्स-रेची असते तशी काळी-पांढरी फिल्म, त्यावर ठिपक्यांच्या दोन रांगा. मी पोहे केले होते. त्यांनी प्लेट बाजूला ठेवून आधी मला फोटो समजावला. जंतूंमधलं एक जनुक घेतलं, कारण त्यापासून काय बनतं ते मोजायला सोपं. त्याच्या पुढे एकदा नेहमीचा तुकडा जोडला आणि एकदा वेगळ्या अक्षराचा. दोन्ही पेशींत घातले आणि पेशींना जंतूचं विष पाजलं. नेहमीच्या तुकड्याचा ठिपका करडा आला, वेगळ्याचा गडद काळा.

"हा नागसेनसारखा," त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "त्याच्या दोन्ही प्रती अशाच आहेत, आईकडची आणि वडलांकडचीही. ताज्या रक्तातही त्याचं टी.एन.एफ. भरपूर येतं. आफ्रिकेतल्या मुलांत दिसलंय, की दोन्ही प्रती अशा असलेली मुलं मेंदूच्या मलेरियात जास्त दगावतात. आणि हा वाचला! वेळेत भरती झाला म्हणून. सगळे म्हणतात हा तुकडा नुसता शेजारी आहे, खरा दोषी त्याच्या बाजूचा दुसराच तुकडा. असेलही. म्हणून मला हा मुलगा महत्त्वाचा आहे."

मी बराच वेळ तो ठिपका बघत बसले. हा नागसेन नाही हे मला माहीत होतं.

त्या म्हणाल्या, "जेवतो ना नीट?"

मी म्हटलं, "भाकरी आवडत नाही, पण सुकट असली की दोन जास्त खातो."

"आमच्या घरची पाठवते. आई घरीच वाळवते."

"पाठवा," मी म्हटलं.

१७ मार्च

खरंच पाठवली. एका माणसाबरोबर पिशवी आली. हे म्हणाले, "कांता, हे काय चाललंय तुझं?" मी म्हटलं, "तुमची नोकरी सांभाळतेय."

ह्यांनी सुकटीला हात लावला नाही. मी तव्यावर परतली आणि एकटीने खाल्ली. चांगली होती.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी बुद्धविहारात वंदनेला जाऊन आले. संध्याकाळी मिरवणूक गल्लीतून गेली, मी गॅलरीत गेले नाही. खाली लेझीमचा आवाज आला तसा मी रेडिओ मोठा केला.

दारावर टकटक झाली. भगवान होता, हातात निळा झेंडा. "मोठी आई, खाली ये ना जरा. आमचं पथक आहे. नाग्याची लेझीम मी..."

मी म्हटलं, "ती लेझीम जागेवर ठेव."

तो म्हणाला, "मागायलाच आलेलो. घेतली नाही अजून."

मी दार लावलं. बाहेरून त्याच्या चपलांचा आवाज लगेच गेला नाही. चौकशीखोर आहे, आईसारखाच. दार उघडेल का ते बघत असणार.

२३ मे

सगुणाबाई आज माझ्या कचेरीत आल्या. घरी न येता कचेरीत, तेव्हाच कळलं काहीतरी आहे. आम्ही मागच्या जिन्यावर उभ्या राहिलो. त्यांनी तिथे कोणी नाही ना ते दोनदा पाहिलं.

"कांताताई, हे विचारणं मला फार अवघड जातंय. तुमचं रक्त बघितलं, साहेबांचं बघितलं. दोघांच्याही सगळ्या प्रती नेहमीच्या आहेत. वेगळं अक्षर तुमच्या दोघांत कुठेच नाही. नागसेनमध्ये मात्र दोन्हीकडे आहे. मी तीनदा करून पाहिलं."

मी जिन्यावरून खाली बघितलं.

"नागसेन... दत्तक आहे का?"

"माझा आहे."

"म्हणजे कुटुंबात कधी असं होतं. नात्यातलं मूल आपण वाढवतो. किंवा दुसरंही काही असतं. मी कोणाला सांगणार नाही. साहेबांनाही नाही."

दुसरंही काही. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. सरकारी जिन्यावर उभी राहून ही मुलगी मला हे विचारते. मी म्हटलं, "माझ्या पोटचा आहे. नऊ महिने मी वाढवलाय. तुमच्या फिल्मवर काय दिसतं ते तुमचं तुम्ही बघा."

"मग नळीत गडबड झाली असेल. तसं असेल तर मला हे सगळं काढून टाकावं लागेल."

"टाका काढून."

त्या निघाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या आणि वळल्या. "तुम्ही रागावलात, ठीक आहे. पण एक सांगते, ते ऐका. ज्याच्या हातातून मी रक्त काढलं, तो कोणाचाही असो, त्याला पुन्हा ताप आला तर वाट बघू नका. गोळ्या घेऊन दोन दिवस बघू, असं करायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. मी खात्रीने सांगू शकत नाही, एवढं अजून कोणालाच माहीत नाही. पण माझा भाऊ असता तर मी थांबले नसते." एका कागदावर संस्थेचा फोन नंबर लिहून माझ्या हातात दिला.

मी जागेवर येऊन बसले. समोर तक्रारीचे अर्ज होते. एकही वाचता आला नाही.

२५ मे

दोन दिवस विचार करून मला जे समजलं ते असं. माझ्यात ते अक्षर नाही. ह्यांच्यात नाही. म्हणजे नागसेनमध्येही असणार नाही, येणार कुठून? त्याचा व्हॉल्व्ह चांगला होता. ज्याचा बिघडलेला होता तो खाटेवर होता, आणि ज्याच्यात काही खोट नव्हती तो घरी नाक्यावरच्या गोळ्या खात होता.

ह्यांना सांगितलं. हे पलंगावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे भगवानला खाट मिळाली नसती तर तो नक्की गेला असता."

मी नागसेनबद्दल बोलत होते आणि ह्यांना भगवान सुचला.

२ जून

शकूला सांगायचं नाही असं ठरवलंय. तिच्या मुलाच्या अंगात काय आहे ते मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. ती नळावर मोठ्याने बोलत असते, भगवान आता टी.वाय.ला जाईल, भगवानला ठाण्यात नोकरी बघतोय. मी बादली भरते आणि ऐकते. हे सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल, ह्यांची नोकरी जाईल. तेवढ्यासाठी गप्प आहे.

सगुणाबाई आल्या नाहीत. आज रविवार म्हणून मी पोहे भिजवले होते.

२१ जुलै

आजही नाही. मी संस्थेत फोन केला. आवाज ओळखून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही! नागसेन बरा आहे ना?" मी म्हटलं, बरा आहे, पास झाला. त्या म्हणाल्या, छान झालं. मग म्हणाल्या, त्याची नळी अजून टाकली नाही, फ्रीजरमध्ये आहे, पण यादीतून नाव काढावं लागेल. वरिष्ठ म्हणतात आई-वडलांशी जुळत नसेल तर ठेवता येत नाही.

मी म्हटलं, "अजून थोडे दिवस ठेवा."

"कशासाठी?"

मी फोन ठेवला. पी.सी.ओ.वाला म्हणाला, बाई, उरलेले सुटे घ्या.

२६ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली आहे. डास खूप. पालिकेची धुराची गाडी येऊन गेली.

सकाळी नळावर शकू नव्हती. दगडूभावजी स्वतः पाणी भरत होते. मी विचारलं नाही. तेच बाजूच्या सोनूबाईंना म्हणाले, "भगवानला रात्रीपासून कसकस आहे. नाक्यावरून गोळ्या आणल्यात. दोन दिवस बघतो, नाहीतर मग हाय दादाचं कार्ड."

मी हंडा उचलून घरात आले. आज आमचं पिंप कोणी भरून ठेवलं नव्हतं.

कामावर गेले. तक्रारी नोंदवल्या. डबा उघडला तो परत बंद केला. वाट बघू नका, असं त्या जिन्यावर म्हणाल्या होत्या. कार्ड आहेच की. त्या नावावर तो पुन्हा झोपेल, पुन्हा बरा होऊन येईल, आणि शकू पुन्हा नळावर मोठ्याने बोलेल. आणि दोन दिवस थांबले, तर काय होईल तेही मला माहीत आहे. ते मी पाहिलंय.

दुपारी साहेबांना सांगून निघाले.

शकूच्या दारात सप्टेंबरनंतर मी पहिल्यांदाच उभी राहिले. भगवान भिंतीकडे तोंड करून झोपला होता. हे आधीच तिथे होते, पाळी सोडून आले होते, हातात कार्ड. शकू म्हणाली, "ताई, आज काही बोलू नका. आज नको."

मी ह्यांना म्हटलं, "कार्ड आत ठेवा."

"अगं, दोन दिवस तरी कशाला थांबायचं? आत्ताच नेतो की."

"त्या नावावर आता कोणी झोपायचं नाही."

शकू उठली. तिने माझा पदर धरला. "बघितलंत? बघितलंत का? हिला माझं पोर मरायला हवंय! एवढे दिवस मनात ठेवलंन!"

मी तिचा हात सोडवला आणि खाली पी.सी.ओ.वर गेले. ती गॅलरीतून ओरडत होती, अर्धी चाळ बाहेर आली होती. सगुणाबाईंना फोन लावला. त्यांना बोलवून आणायला वेळ लागला. मी म्हटलं, "तुम्ही रक्त काढलंत त्याला ताप आलाय."

"नागसेनला?"

"त्याचं नाव भगवान आहे. भगवान दगडू तांबे. माझ्या दिराचा मुलगा. आमच्या कार्डावर भरती केला होता." मग पुढचं म्हणायचं होतं. पी.सी.ओ.वाला समोर बसून कान देऊन ऐकत होता. "नागसेन गेला. तेव्हाच. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधीच."

पी.सी.ओ.च्या मशीनवरचे आकडे पळत होते.

मग त्या म्हणाल्या, "ताप किती आहे? शुद्धीवर आहे का? ताबडतोब घेऊन निघा. मी रुग्णालयाच्या दारात उभी राहते." पत्ता सांगितला. मी सुटे घेतले आणि वर आले.

दगडूभावजींना म्हटलं, रिक्षा काढा, स्टेशनपर्यंत नको, सरळ मुंबई. ते म्हणाले, "वहिनी, रिक्षाला मुंबईत नाही सोडत." मग समोरच्या टेम्पोवाल्याला उठवलं. भगवानला दोघांनी धरून आणला. तो म्हणाला, "मोठी आई, मला नको त्या नावावर." मी म्हटलं, "नाही. गप झोप."

शकू टेम्पोत माझ्यासमोर बसली. ठाण्यापर्यंत तिला कळेना मी काय केलंय. हे तिला समजावत होते. तिला कळलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "मे महिन्यापासून माहीत होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."



२९ ऑगस्ट

रक्तात मलेरिया सापडला. सलाईनमधून क्विनीन चालू आहे. काल दिवसभर बडबडत होता, आज ओळखतो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. वेळेत आणलंत.

हे कंपनीत सांगून आले. सगळं, पहिल्यापासून. साहेबांनी लिहून मागितलं. आता चौकशी होईल. काय होईल ते माहीत नाही. घरी आले तेव्हा पहिल्यांदा नीट जेवले.

सगुणाबाई वॉर्डात भेटल्या. नळीवर नवी चिठ्ठी लावली म्हणाल्या. शकूचं आणि दगडूभावजींचं रक्त घेतलं. दोघांतही ते अक्षर आहे, असं निघालं तर ही नोंद राहील. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या नागसेनचं आमच्याकडे काहीच नाही. मला वाटत होतं, आहे."

मी म्हटलं, "मलाही."

"तुम्ही मला त्याला काय आवडतं ते सांगायचात."

"ते खरंच होतं. फक्त आधीचं होतं."

त्या रडायला लागल्या. मला ते आवडलं नाही. इथे रडायचा हक्क कोणाचा आहे? पण पाण्याचा ग्लास दिला.

शकू अजून बोलत नाही. मीही बोलत नाही. एका बाकावर बसतो.

३१ ऑगस्ट

दुपारी शकू खाली जेवायला गेली. मी खाटेपाशी बसले होते. भगवान झोपला होता. पाठ घामाने भिजली होती, म्हणजे ताप उतरत होता. मी टॉवेलने पुसली. त्याच्या मानेवर नागसेनसारखाच तीळ आहे. आमच्या सासऱ्यांचा.

सिस्टर कागद घेऊन आली. "भगवान तांबेची आई कोण?"

मी म्हटलं, "ती खाली गेलीय. येईल आता."

"सही पाहिजे. तुम्ही कोण मग?"

"मी नागसेनची आई."

तिने हातातली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "नागसेन? ह्या वॉर्डात नाही. कोणत्या वॉर्डात आहे तुमचा?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही. गेल्या वर्षी वारला तो."

ती सॉरी म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी शकूची वाट बघत बसले.